पळ्या मोजल्या, पोरं मोजली नाहीत

५ एप्रिल १८४७. डब्लिनच्या रॉयल बॅरॅक्स या लष्करी छावणीसमोर लाकूड आणि कापडाची एक मोठी छपरी उभारली आहे. मध्यभागी तीनशे गॅलनचा हंडा उकळतो आहे. घंटा वाजते, शंभर भुकेली माणसे आत सोडली जातात. बाकांवर ओळीने वाडगे मांडलेले आहेत आणि प्रत्येक वाडग्याला चमचा साखळीने जखडलेला आहे. काही मिनिटांत सूप संपते, माणसे दुसऱ्या दाराने बाहेर काढली जातात, घंटा पुन्हा वाजते, पुढचे शंभर आत येतात. हे स्वयंपाकघर उभारणारे आलेक्सी सॉयर हे लंडनच्या रिफॉर्म क्लबचे नामांकित फ्रेंच आचारी. उद्‌घाटनाच्या दिवशी शहरातले प्रतिष्ठित लोक पाच शिलिंग देऊन ही भुकेची पंगत पाहायला आले होते. रांगेत आयांच्या कडेवर मुले होती. त्या मुलांचे वजन कोणी केले नाही, पोटात गेलेले अंगी लागले का हे कोणी पाहिले नाही. नोंद झाली ती वाढलेल्या वाडग्यांची.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही परक्या देशातली हकीकत आज आम्ही अग्रलेखाच्या जागी मांडतो आहोत, कारण ती आमचीच आहे. वाडगा गेला आणि पाकीट आले. घंटेच्या जागी मोबाइलमधले ॲप आले. पण दिलेले अन्न म्हणजेच वाचलेले मूल, हा हिशेबातला खोटेपणा जसाच्या तसा राहिला आहे आणि तो आजही मुलांचे जीव घेतो आहे.

आयर्लंडचे काय झाले ते नीट समजून घ्यावे. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि गरिबांचे मुख्य अन्न कुजून गेले. सरकारने आधी लोकांना खडी फोडायला आणि रस्ते बांधायला लावले. अंगात त्राण नसलेली माणसे कामावरच कोसळू लागली. तेव्हा फेब्रुवारी १८४७ मध्ये तात्पुरत्या मदतीचा कायदा झाला आणि गावोगाव सूपघरे निघाली. जुलैच्या सुरुवातीला रोज तीस लाखांहून अधिक शिधे वाटले जात होते. देशाची लोकसंख्या १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाख ७५ हजार होती. म्हणजे दर तीन माणसांत एकाहून अधिक माणूस या हंड्यांवर जगत होता. आगगाडी जेमतेम सुरू झालेल्या काळात हे काम उभे राहिले, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. त्या उन्हाळ्यात भूकबळी ओसरले, ही गोष्ट इतिहासकारही मान्य करतात.

पण त्या शिध्याचा नियम पाहा. नऊ वर्षांवरील माणसाला पूर्ण शिधा, नऊ वर्षांखालील मुलाला अर्धा. एक वर्षाचे तान्हे आणि आठ वर्षांचा मुलगा नियमाच्या लेखी एकच. लहान मुलाचे पोट मुठीएवढे असते. ते पातळ पाण्याने भरून गेले की त्यात अन्नाला जागा उरत नाही. त्याला थोडे, घट्ट, स्निग्ध आणि वारंवार द्यावे लागते, हे आमच्या खेड्यातली कोणतीही आजी सांगेल. सॉयर यांच्या प्रसिद्ध कृतीत दोन गॅलन, म्हणजे नऊ लिटर पाण्याला पाव पौंड मांस होते. सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने या सूपशास्त्रावर भोंदूगिरीचा शिक्का मारला. डब्लिनचे नामवंत वैद्य सर हेन्री मार्श यांनी बजावले की, निव्वळ पातळ अन्नावर कष्टकऱ्याचे शरीर टिकत नाही. वैद्य ओरडत राहिले आणि कारकून शिधे मोजत राहिले. बटाट्यातून मिळणारे ‘क’ जीवनसत्त्व मक्याच्या पिठात आणि सुपात नव्हते. पोट भरलेल्या माणसांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पुढे वर्कहाउस नावाच्या सरकारी अनाथ-दरिद्री गृहांत कोंबलेल्या हजारो मुलांना डोळ्यांचा रोग जडला आणि कित्येक कायमची आंधळी झाली. सरकारी वहीत मात्र ही सारी मुले ‘अन्न मिळालेली’ या रकान्यात होती.

आणखी एक नियम होता. शिजवलेलेच अन्न द्यायचे आणि ते माणसाने स्वतः रांगेत येऊन घ्यायचे. कशासाठी? कोरडे पीठ दिले तर लोक ते विकतील, आणि शिजलेल्या अन्नासाठी रांगेत उभे राहण्याची लाज पत्करेल तोच खरा गरजू. यात मुलाच्या पचनाचा विचार कुठेच नव्हता. गरिबावरचा संशय तेवढा होता. हा संशय आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

सप्टेंबर संपता संपता सूपघरे बंद झाली. ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी खर्चात काम उरकले, याचे समाधान कोषागाराला होते. कोषागाराचे सहायक सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी १८४८ साली ‘द आयरिश क्रायसिस’ हे पुस्तक लिहून दुष्काळ जणू मागे पडला असे चित्र उभे केले. प्रत्यक्षात मृत्यूची आणखी वर्षे पुढे होती. सूपघरांच्या जागी आलेल्या कायद्यात कलम घातले गेले की, ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याने ती सोडल्याशिवाय त्याला मदत नाही. बापाच्या सातबाऱ्यावरून लेकराची भाकरी ठरली! ज्या कार्यक्रमाने जीव वाचत होते तो खर्चाच्या वहीकडे पाहून गुंडाळला गेला. वाचलेल्या मुलांची दुसरी वही त्या मेजावर असती, तर ती बाजूला सारून हा हुकूम काढणे इतके सोपे गेले नसते.

त्याच बेटावर, त्याच हिवाळ्यात, एका माणसाने वेगळे करून दाखवले. पावेल स्त्रेलेत्स्की हे पोलंडचे भूगर्भशास्त्रज्ञ, ऑस्ट्रेलियातील डोंगररांगा धुंडाळलेले. ब्रिटिश रिलीफ असोसिएशन या खासगी मदतसंस्थेचे प्रतिनिधी म्हणून ते पश्चिम आयर्लंडच्या मेयो, स्लायगो आणि डोनेगल या भागांत आले. स्वतः टायफसच्या तापातून उठले आणि मोबदला न घेता काम करीत राहिले. त्यांनी मुलांना शाळेत खाऊ घालायला सुरुवात केली: रोज राय धान्याचा पाव आणि गरम रस्सा. घरी दिलेला शिधा सगळ्या घराच्या तोंडांत वाटला जातो, शाळेत दिलेला पाव मुलाच्या पोटात जातो. हा भेद पद्धतीतच होता. १८४८ च्या वसंतापर्यंत सुमारे दोन लाख मुले रोज या पंगतीला होती. मग देणग्यांचा पैसा संपला. त्या उन्हाळ्यात पंगत उठली आणि सरकारने ती पुढे चालवली नाही. दोन लाख मुलांचे काय झाले, हे विचारायला कोणी परत गेले नाही. आणि शाळेपर्यंत पायी येऊ न शकणारी, आईच्या कमरेला चिकटलेली सर्वांत धाकटी मुले तर या पंगतीतही बसू शकत नव्हती.

मेलेल्यांची मोजणी करायला निघाले ते विल्यम वाइल्ड, लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे वडील, डब्लिनचे नेत्रवैद्य. वर्कहाउसमधल्या मुलांचे सुजलेले डोळे त्यांनी स्वतः तपासले होते. १८५१ च्या शिरगणतीसाठी त्यांनी मृत्यूचे तक्ते रचले. घरोघर विचारले गेले, गेल्या दहा वर्षांत तुमच्या घरात कोण कोण गेले. लोकसंख्या ६५ लाख ५२ हजारांवर आली होती. सुमारे दहा लाख माणसे मेली होती आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली होती. पण ज्या घरातले सगळेच मेले, त्या घराचे मृत्यू सांगायला दार उघडणार कोण? ज्या कुटुंबाने जहाज पकडले त्याची वाटेत दगावलेली मुले कोणाच्या तोंडून कळणार? सर्वाधिक हाल झालेले घरच मोजणीतून निसटले. हा मुद्दा आम्ही दुःखाचा म्हणून सांगत नाही. अन्नपुरवठ्याच्या कोणत्याही कार्यक्रमाच्या मूल्यमापनात हाच सगळ्यांत मोठा खड्डा असतो, आणि महाराष्ट्र आज त्याच्या काठावर उभा नाही, तर आत पडलेला आहे.

आयर्लंडचा हिशेब घेऊन आलेली माणसे आमच्या देशात राज्य करीत होती. ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचे गव्हर्नर आणि हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री झाले. १८७७ साली दख्खनच्या दुष्काळात सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्यावर आणली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, डब्लिनच्या मार्श यांच्याप्रमाणेच, विरोध केला. पण या वेळी पुण्याने एक गोष्ट वेगळी केली. सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेने, तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारच्या आकड्यांसमोर आपले आकडे ठेवले. कामगारांनी कामे सोडून सरकारला हादरवले. जोतीराव फुले यांनी धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी छावणी काढून त्यांच्या तोंडी घास घातला. सरकारचा आकडा प्रजेने तपासायचा असतो, हा धडा या मातीने दीडशे वर्षांपूर्वी गिरवला आहे. तो आज कोणी विसरावा, याचा आम्हाला संताप येतो.

आयर्लंड मात्र शिकत गेला, धडपडत आणि उशिरा. इंग्लंडमधल्या मुलांना शाळेत जेवण देण्याचा कायदा १९०६ साली झाला आणि आयर्लंडला त्यातून वगळण्यात आले. तेव्हा आयरिश राष्ट्रवादी कार्यकर्त्या मॉड गॉन आणि ‘इन्हीनी ना हेरन’ या स्त्रियांच्या संघटनेने डब्लिनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत स्वतः जेवण शिजवून वाढले आणि सरकारला १९१४ साली कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात गहू कमी पडला, म्हणून कोंड्यासकट सगळे पीठ वापरून काळा पाव सुरू झाला. पोट भरत होते, पण डब्लिनच्या बाळांची हाडे वाकू लागली. कोंड्यातला फायटेट नावाचा घटक अन्नातले कॅल्शियम अंगी लागू देत नव्हता. या वेळी डॉक्टरांनी पावांची संख्या मोजली नाही. मुलांची हाडे तपासली, मुडदुसाच्या पाहण्या केल्या, आणि पिठातला कोंडा कमी करावा लागला. तपासणी मुलाच्या अंगावर झाली की धोरण बदलते, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

आणि मग डब्लिनहून आणखी एक गोष्ट निघाली, जिने जगभरच्या कुपोषणाच्या कामाची दिशा बदलली. १९६८ साली आफ्रिकेतील बियाफ्राच्या दुष्काळासाठी जॉन आणि के ओलॉक्लिन केनेडी या दांपत्याने ‘कन्सर्न’ ही संस्था काढली. २००० नंतर इथिओपिया आणि मलावीत या संस्थेने डॉ. स्टीव्ह कॉलिन्स यांच्या ‘व्हॅलिड इंटरनॅशनल’सोबत तीव्र कुपोषित मुलांवर त्यांच्या गावातच उपचार सुरू केले. तोवर पद्धत अशी होती की, आईने मूल घेऊन उपचार केंद्रात तीन-चार आठवडे मुक्काम करायचा. केंद्राचे अहवाल उत्तम असत, कारण आलेल्या मुलांपैकी बरी झालेली मुले पुष्कळ. कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला: या मुलुखात किती मुले मरणाच्या दारात आहेत आणि त्यांपैकी किती आपल्यापर्यंत पोहोचली? ते गावोगाव फिरले, आजारी मुले शोधून काढली, आणि दिसले की मोठ्या केंद्रांच्या वाट्याला फार थोडी येत होती. घरी चार लेकरे आणि शेतात पीक सोडून आई महिनाभर कुठे राहणार? उपचार गावात गेला, शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट औषधासारखी मोजून दिली, दर आठवड्याला दंडाचा घेर आणि वजन पाहिले, न आलेल्या मुलाच्या घरी माणूस गेला. आणि मलावीतल्या डोवा जिल्ह्यात दहा आजारी मुलांपैकी सातांपर्यंत उपचार पोहोचला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ही पद्धत स्वीकारली.

आता घराकडे या. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. सोळा-सतरा वर्षांनी जव्हारच्या वावर-वांगणीत आणि मग मेळघाटात बालके पटापट दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि सरकारी वहीत नोंदलेल्या बालमृत्यूंपेक्षा खरे मृत्यू कितीतरी पट अधिक आहेत, हे गावोगाव मोजून दाखवले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाला पूरक आहार देण्याचा आदेश दिला. पैसा आला, अंगणवाड्या वाढल्या, बैठका झाल्या. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते की, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी उंचीच्या मानाने रोड मुले २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये २५.६ टक्केच राहिली. त्यातली अति रोड मुले ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली. खुरटलेली मुले ३५.२ टक्के. मुंबई ज्या राज्याची राजधानी आहे, त्या राज्यातले दर तिसरे मूल खुरटलेले! याच वर्षांत लाखो पाकिटे वाटली गेली आणि वाटपाचे अहवाल वेळच्या वेळी वर गेले.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरी न्यायचा शिधा, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात, दिला जातो. हेच वय मेंदू आणि हाड घडण्याचे. ते पाकीट घरात जाते आणि तिथेच सरकारची नजर संपते. काही घरांत ते चार भावंडांत वाटले जाते. चव नसेल तर ते गुरांच्या दावणीत जाते, हे अनेक पाड्यांवरच्या लोकांनी उघड सांगितले आहे. त्या घरांतल्या माऊलीला आम्ही दोष देणार नाही. चार भुकेल्या पोरांपैकी एकालाच खाऊ घाल, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? २०१५ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय अभ्यासजाळ्यासाठी एलिझाबेथ क्रिस्टजॅन्सन आणि सहकाऱ्यांनी ३२ अभ्यास एकत्र तपासले. गरीब आणि मध्यम देशांत सहा महिने पूरक आहार मिळालेल्या मुलांचे वजन, न मिळालेल्यांपेक्षा, सरासरी अवघे १२० ग्रॅम जास्त वाढले. घरी दिलेल्या आहारातली जेमतेम ३६ टक्के ऊर्जा मुलाच्या वाट्याला जास्तीची म्हणून आली. पाळणाघरात किंवा आहारकेंद्रात समोर बसवून खाऊ घातले तेव्हा ८५ टक्के. दोन वर्षांखालील आणि सर्वांत गरीब मुलांना फायदा अधिक. हे निष्कर्ष दहा वर्षे सर्वांसमोर आहेत. मग धोरण का बदलले नाही?

धोरण बदलण्याऐवजी सरकारने चेहरा तपासायला घेतला. २०२५ पासून टीएचआर घेणाऱ्याच्या चेहऱ्याची मोबाइलवर ओळख पटवावी लागते. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर, पाठीशी बाळ बांधून चालत आलेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर उभे करायचे आणि चेहरा जुळला नाही तर घरी पाठवायचे! १८४७ चा संशय हा असा परत येतो. पाकीट योग्य हातात पडले याची खात्री करायला यंत्र आहे. ते मुलाच्या पोटात गेले का आणि महिन्याभरात मूल वाढले का, हे शोधायला यंत्रणा नाही. आम्ही महिला व बालविकास खात्याच्या सचिवांना स्पष्ट विचारतो: तुमच्या मासिक आढाव्यात पहिला रकाना कोणता असतो, वाटप किती टक्के झाले हा, की किती मुले धोक्यातून बाहेर आली हा?

अंगणवाडी सेविकेच्या माथी हे खापर फोडू नये. ती शिजवते, वाटते, वजन घेते, ॲप भरते, निवडणुकीची यादीही करते. ज्या व्यवस्थेत अति कुपोषित मुलांचा आकडा वाढला की तिलाच जाब विचारला जातो, त्या व्यवस्थेत तो आकडा वाढणार कसा? आपल्याच कामाची परीक्षा आपणच घ्यावी आणि नापास ठरलो तर शिक्षा भोगावी, अशी अट घातली की काटा खरे बोलत नाही. आणि सरासरीचे पाप तर याहून भयंकर आहे. गावातले सर्वांत रोड मूल मेले, की उरलेल्या मुलांची सरासरी सुधारते. मूल सहा वर्षांचे झाले की यादीतून जाते. कुटुंब कामाला गेले की मूल यादीतून जाते. कुपोषण घटल्याचे जे टक्के मंत्रालयात दाखवले जातात, त्यात किती मुले बरी झाली म्हणून गेली आणि किती नुसती गेली, हे सांगणारा एकही रकाना नाही. पाकीट चांगले की ताजी लापशी आणि अंडे चांगले, या वादात आम्ही ताज्या अन्नाच्या बाजूचे आहोत. पण तोही वाद ठेकेदार आणि अधिकारी यांच्यात मिटवायचा नाही. तो काट्यावर आणि दंडघेराच्या पट्टीवर मिटवायचा.

म्हणून आमची मागणी. पावसाळ्यात मेळघाट, मोखाडा, जव्हार, अक्कलकुवा आणि धडगाव इथे घरातले धान्य संपते, ताप आणि जुलाब वाढतात, मुले झपाट्याने उतरतात. त्या आधी आणि त्यानंतर, अशी दोनदा, अंगणवाडीबाहेरच्या माणसांनी, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आणि स्वतंत्र संस्थांनी, घरोघर जाऊन प्रत्येक मुलाचे वजन, उंची आणि दंडघेर घ्यावा. यादीत असलेल्याचा आणि यादीत नसलेल्याचाही. दोन वर्षांखालच्या मुलांना दिवसातून निदान दोनदा समोर बसवून भरवणारी पाळणाघरे पाड्यावर निघावीत; मजुरीला जाणाऱ्या आईसाठी ती तितकीच हवीत. गेल्या वर्षातल्या प्रत्येक बालमृत्यूचे कारण ग्रामसभेत वाचून दाखवावे. आणि दिवाळीनंतर मेळघाटातल्या ज्या झोपडीला कुलूप लागते, तिथले मूल या घडीला कोणत्या वीटभट्टीवर, कोणत्या उसाच्या फडात आहे, आणि त्याच्या दंडाचा घेर किती भरतो आहे, हे अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या महिन्यात जाहीर करावे.